मुद्दाम चुकवलेली उत्तरं

नोरीन हलुस्काच्या पार्लरमध्ये डोकं धुवायला बसलेली बाई खरंच बोलते, असं केर्न्सफोर्डमध्ये सगळे म्हणत. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, कपाळावरून कोमट पाणी वाहतंय आणि नोरीनची जाडसर बोटं केसांच्या मुळाशी फिरताहेत. अशा वेळी कुणाला खोटं सुचणार? खोटं बोलायला माणूस निदान सरळ बसलेला तरी हवा. नोरीन स्वतः मात्र दिवसभर उभीच असायची.

ऑगस्टमध्ये, मुलांच्या अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू व्हायच्या आठवड्यात, ट्रिना पेत्रेला तिच्यासमोर अशीच मान टाकून पडली होती. ट्रिनाचा डॉम आणि नोरीनचा क्ले एकाच वर्गात होते, एकाच संघात होते, आणि एकमेकांना धडका मारून झाल्या की एकाच बाटलीतलं पाणी प्यायचे.

"ती शाळेची नर्स मार्लिस पोरांची परीक्षा घेणार म्हणे शनिवारी," ट्रिना म्हणाली. "डोक्याची. डॉमची झोप उडालीय. मला विचारतो, आई, अभ्यास काय करू?"

"अभ्यास कसला करवून घेतेस! उलट त्याला सांग, जरा चूक."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ. आत्ता ती विचारणार, पाच शब्द लक्षात ठेव, महिने उलटे म्हण, आकडे उलटे म्हण. जेवढं येईल तेवढे गुण देऊन ठेवणार. पुढे सामन्यात पोराला कुठं डोक्याला लागलं, की पुन्हा तेच विचारणार. ऑगस्टपेक्षा कमी गुण आले की पोरगं घरी. म्हणून ऑगस्टमध्येच कमी आणायचे. खाली घसरायला जागाच ठेवायची नाही."

ट्रिनाने फेसातून एक डोळा उघडला. "अगं बये!"

"माझ्या डोक्यातून नाही आलेलं ते. मोठ्या शाळेतल्या पोरांच्या आया करतातच की. फक्त फार नको हं चुकू देऊस. नाहीतर मार्लिस त्याला उचलून बालवाडीत बसवायची."

"डॉमला मुद्दाम काय चुकायला सांगायचं? बापावर गेलाय. आपोआप चुकेल."

दोघी इतक्या हसल्या की पाणी ट्रिनाच्या कानात गेलं. त्या आठवड्यात संघातली जी जी आई त्या बेसिनपाशी येऊन टेकली, तिला नोरीनने ही युक्ती शाम्पूबरोबर फुकट दिली. आपण कुणाचं वाईट करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. उलट उपकार करतोय असंच वाटलं, आणि उपकार करताना माणसाला जरा जास्तच हुशार झाल्यासारखं वाटतं, तसंही तिला वाटलं.

ही परीक्षा आली तरी कुठून, तर नोरीनच्याच भाषणातून.

मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली होती. शाळेची नर्स मार्लिस टॉथ, म्हणजे नोरीनचीच शाळेतली वर्गमैत्रीण, हातात कागद घेऊन उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. बारा वर्षांखालच्या मुलांनी अंगावर धावून जाऊन एकमेकांना आडवं पाडायचा फुटबॉल खेळू नये. कमरेला रिबिनी लावाव्यात. रिबीन ओढली की गडी थांबला. हेल्मेट नको, धडक नको.

"एवढ्याशा मुलाची मान म्हणजे बारीक देठ," ती म्हणाली, "आणि हेल्मेटसकट डोकं म्हणजे त्यावरचा भोपळा. धडक कुठेही बसो, भोपळा हलतोच."

"रिबिनी?" मागून कुणीतरी ओरडलं. "मग वेण्याही घालू का?"

हॉल हसला. तेव्हा नोरीन उठली. "माझा मुलगा खेळेल की नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली. "त्याला नऊ महिने पोटात मी वागवलंय, शाळेने नाही." टाळ्या पडल्या. तिथंच ती खाली बसती तर बरं झालं असतं. पण टाळ्यांची ऊब मोठी वाईट. "आणि मार्लिस, ज्यांच्या घरात स्वतःचं मूल नाही, त्यांनी दुसऱ्यांची मुलं कापसात गुंडाळायला येऊ नये."

या वेळी टाळ्या जरा उशिरा आल्या, आणि सगळ्यांकडून आल्या नाहीत. मार्लिसच्या दोन गर्भारपणांचं काय झालं होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. नोरीनला तर सगळ्यात जास्त; दुसऱ्या वेळी दवाखान्यात सूप घेऊन तीच गेली होती. मार्लिसने हातातले कागद टेबलावर ठोकून सारखे केले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "खेळवा. मग निदान डोकी तरी तपासू द्या."

एवढं ऐकून घेतलेल्या बाईला पुन्हा नाही कसं म्हणायचं, म्हणून सभेने ते मान्य केलं. पण त्यातही एक मेख मारून ठेवली: गुण ऑगस्टइतके आले तर नर्सला मुलाला अडवता येणार नाही. नोरीनने घरी जाऊन मार्लिसला फोन करायचा असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात लोक वाट वाकडी करून तिला शाबासकी द्यायला आले, आणि फोन राहिला तो राहिलाच.

तिला एवढं काय पडलं होतं? तर क्लेचं. क्ले हा मुलगा कमी आणि सावली जास्त होता. वर्गाच्या फोटोत नेहमी कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा. वाढदिवसाची बोलावणी येत नसत, आणि आपण बोलावलं तर सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी काहीतरी काम निघे. मग गेल्या वर्षी कोच बर्डेटने त्याला हेल्मेट चढवलं, आणि असं दिसलं की हा पोरगा समोरच्याला असा काही आडवा करतो की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. हार्डवेअरच्या दुकानातले म्हातारे त्याला हाका मारायला लागले. "काय हलुस्का, या शनिवारी कुणाला झोपवणार?" जो मुलगा आपल्या बुटांशी बोलायचा तो मान वर करून हसायला लागला. आणि खरं सांगायचं तर, नोरीनही केस कापणारी बाई होती ती आता क्लेची आई झाली होती. हे सगळं क्लेला आवडे त्याहून तिला थोडं जास्तच आवडत होतं.

ऑक्टोबर संपता संपता उपांत्य सामना झाला. क्ले समोरच्या एका धिप्पाड मुलावर जाऊन आदळला, दोघंही पडले, दोघंही उठले. क्लेने डोकं झटकलं आणि तो ताठ चालत, मोठ्या कामाला निघाल्यासारखा, थेट समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. वर पाण्यासाठी हातही पुढे केला. प्रेक्षकांची बाकं हसून हसून लोळली.

"बापावर गेलाय!" नोरीन सगळ्यांत मोठ्याने ओरडली. "घर चुकला!"

तिचा नवरा डेल शेजारी बसला होता. तो हसला नाही. मार्लिसही हसली नाही. ती मैदान ओलांडून गेली आणि क्लेला हाताला धरून परत घेऊन आली, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तशी. तेव्हा कुठे नोरीनचं हसू ओठांवरच सुकलं. पण फक्त थोडं.

पुढच्या शनिवारी नदीपलीकडच्या गावाशी अंतिम सामना होता. क्ले खेळणार की नाही, ते गुरुवारी शाळा सुटल्यावर ठरणार होतं.

नर्सच्या खोलीत नोरीन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. कोच बर्डेट टोपी हातात घेऊन दारात उभा होता, देवळात आल्यासारखा. मार्लिसने शब्द सांगितले: कोट, पूल, चंद्र, बटाटा, शिडी. मग महिने उलटे.

"डिसेंबर," क्ले म्हणाला. "नोव्हेंबर. ऑक्टोबर. सप्टेंबर." तो थांबला. "जून... मे. एप्रिल." पुन्हा थांबला. "जानेवारी."

"आता ते शब्द?"

"कोट. चंद्र." तो छताकडे बघत राहिला. "कोट."

काय नट आहे कार्टं, नोरीनच्या मनात आलं. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तिने त्याला हेच शिकवलं होतं: सप्टेंबरच्या पुढे घसर, शब्द दोनच सांग. तेव्हा तो नाखूष होता. "पण आई, मला पाचही येतात," म्हणाला होता. "माहितीय रे राजा," ती म्हणाली होती, "म्हणूनच तर." तिला वाटलं होतं, एवढ्या दिवसांनी विसरला असेल. तर बघा, तंतोतंत!

"तंतोतंत ऑगस्टसारखं," मार्लिस टॅबलेटच्या पडद्याकडे बघत म्हणाली. तिच्या कपाळावर आठी होती. "क्ले, डोकं दुखतं?"

क्लेने दाराकडे, कोचकडे पाहिलं. "नाही."

"उजेड डोळ्यांना लागतो?"

"नाही."

"मग मला अडवता येत नाही," मार्लिस म्हणाली. कोचने क्लेच्या पाठीत अशी थाप मारली की तो खुर्चीतून पुढे आला.

गाडीत बसल्यावर नोरीनने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "शाब्बास रे माझ्या वाघा! काय नाटक केलंस! मला वाटलं विसरलास म्हणून."

क्लेने डोकं काचेला टेकवलं होतं. उन्हं तिरपी होती आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. "कसलं नाटक?"

"अरे, सप्टेंबरनंतर घसरलास ते."

"घसरलो?"

गाडी थोडी पुढे गेली.

"मी सगळे म्हटले ना?" क्ले म्हणाला. "आज मी नीट सांगत होतो, आई. मला वाटलं, एकदा तरी मिसेस टॉथना दाखवावं मला येतात ते."

नोरीनने गाडी टायरच्या दुकानापुढे बाजूला घेतली. तिला गाडी चालवणं एकदम जमेना. "क्ले. बाळा. कुठले शब्द होते रे?"

"कोट," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "आई, मला मळमळतंय." आणि दार उघडायच्या आधी, घाईघाईने, "पण खेळू देणार ना मला?"

"बघू," ती म्हणाली. आईच्या 'बघू'चा अर्थ मुलांना कळतो, पण त्या दिवशी तो क्लेलाही कळला नसावा. तो दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकला, आणि तिने मागून त्याचं कपाळ धरून ठेवलं. हजारो डोकी हाताखालून गेलेली बाई ती. हे एक डोकं कसं धरावं ते तिला कळेना.

जेवताना डेलने विचारलं, "काय म्हणाली मार्लिस?"

"ऑगस्टसारखंच आहे म्हणाली."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. खरं वाक्य तोंडात इतकं घाण लागू शकतं हे तिला पहिल्यांदाच कळलं. "मग बरं," डेल म्हणाला आणि त्याने क्लेच्या ताटाकडे पाहिलं. ताट जसंच्या तसं होतं.

शुक्रवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, ती मार्लिसच्या घरी गेली. मार्लिस लांब दांड्याच्या पंजाने अंगणातली पानं ओढत होती.

"क्ले उद्या खेळणार नाही," नोरीन फाटकातूनच म्हणाली. आत जायचा धीर तिला झाला नाही. "ऑगस्टची त्याची उत्तरं खोटी होती. मी शिकवली होती. काल मात्र त्याने मनापासून दिली."

मार्लिसच्या हातातला पंजा थांबला. आता ती बोलणार, नोरीनला वाटलं. आता मार्चपासूनचं सगळं काढणार. काढू दे. ऐकून घ्यायची तिची तयारी होती. ऐकायला मिळालं असतं तर बरंच वाटलं असतं.

"उलटी झाली?" मार्लिसने विचारलं.

"काल. एकदा."

"झोप?"

"फार. उठवलं तर चिडतो."

"आजच शहरात ने. मी डॉक्टरांना फोन करते, थांबावं लागणार नाही." ती फोन काढायला खिशात हात घालू लागली आणि थांबली. "नोरीन, ऑगस्टमध्ये आपल्या अर्ध्या संघाला पाच शब्द सांगता आले नाहीत. मला सुचेचना काही. म्हटलं, नदीच्या पाण्यात काही आहे का? मी गावाच्या नळाचं पाणी तपासायला पाठवलं, माहितीय?"

नोरीनला हसायला यायला हवं होतं. एरवी पार्लरमध्ये ही गोष्ट आठवडाभर चालली असती.

"एकटा क्लेच होता का?" मार्लिस म्हणाली. "कुणी सांगितल्याशिवाय मला बाकीच्यांना हात लावता येत नाही. गुण जुळले की पोरगं मैदानात, तुमच्याच सभेने ठरवलंय."

नोरीनच्या डोळ्यांसमोर बेसिनमधले चेहरे येऊन गेले, फेसातले, निर्धास्त. सांगितलं तर उद्या अंतिम सामन्याला संघच उरणार नाही. बायका तिच्या दाराची पायरी चढणार नाहीत. आणि क्ले? तो पुन्हा कुणाच्या तरी खांद्याआड जाईल, या वेळी आईच्या पापाने.

"मला माझ्यापुरतं माहीत," ती म्हणाली.

मार्लिसने खिशातून फोन काढला. "बरं," म्हणाली.

डॉक्टरांनी क्लेच्या डोळ्यांत उजेड टाकला, त्याला एका सरळ रेषेवर चालायला लावलं आणि त्याचा खेळाचा मोसम संपल्याचं सांगितलं. पडदे ओढून पडून राहायचं. टीव्ही नाही, खेळ नाही, पुस्तकही नाही. परतीच्या वाटेवर तो रडला नाही. फक्त म्हणाला, "मी काल चुकीची उत्तरं द्यायला हवी होती की बरोबर?" नोरीनने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

शनिवारी ती मैदानावर गेली ती केवळ सगळ्यांसाठीच्या चिलीचं, म्हणजे राजम्याच्या तिखट रश्श्याचं, मोठं पातेलं तिच्याकडे होतं म्हणून. क्लेजवळ डेल थांबला. वाटलं होतं पातेलं टेबलावर ठेवून निघून यावं. पण तिथं तर भलतंच. मार्लिसने कारण कुणाला सांगितलंच नव्हतं. गावात एवढंच पसरलं होतं की नर्सने खेळायला सोडलेला पोरगा नोरीनने आपणहून घरी बसवला.

"याला म्हणतात आई," हार्डवेअरवाला म्हातारा टोपी काढून म्हणाला. कुणीतरी तिला चांगल्या जागेवर बसवलं, कुणी कॉफी आणून दिली. कोच बर्डेटसुद्धा येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. नोरीन कॉफीच्या कपात बघत राहिली. शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या. ही कॉफी घशाखाली उतरेना.

ट्रिना शेजारी येऊन बसली आणि तिने नोरीनच्या कमरेला हात घातला. "माझ्याने नसतं बाई झालं एवढं." मग कानाशी येऊन, "ते आपल्या युक्तीचं नाही ना काही बोललीस?"

"नाही."

"हुश्श! माझा जीव टांगणीला लागला होता. डॉमला आज क्लेची जागा दिलीय."

सामना उत्तरार्धात गेला तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. नदीपलीकडच्यांचा एक मुलगा चेंडू छातीशी धरून मुसंडी मारत आला. डॉम आडवा गेला. क्ले खांद्याने जायचा. डॉमला ते जमत नव्हतं, तो डोकं घालून गेला. आवाज बाकांपर्यंत आला. तो धावणारा मुलगा उठला. डॉम उठला नाही.

कुणी जखमी झाला की बसतात तशी मैदानावरची सगळी मुलं होती तिथं एका गुडघ्यावर बसली. दोन्ही गावांची बाकं चिडीचूप झाली. ट्रिनाची नखं नोरीनच्या दंडात रुतली. ट्रिना उठली नाही. केर्न्सफोर्डमध्ये सामना चालू असताना आई कुंपणाच्या आत जात नाही. गेली तर त्या पोराचं शाळेतलं आयुष्य संपलंच. तो कॉलेजात जाईपर्यंत पोरं त्याला अंगाई म्हणून दाखवणार.

मग डॉम उठून बसला, उभा राहिला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ट्रिना रडत रडत टाळ्या वाजवत होती.

मार्लिसने त्याला बाकाच्या टोकाला नेऊन बसवलं, हेल्मेट काढलं आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. नोरीनला ऐकू काही येत नव्हतं, पण डॉमचे ओठ दिसत होते. महिने चालले होते. मग ओठ थांबले. मग शब्द मोजत त्याने दोन बोटं वर केली आणि तिसऱ्या बोटाकडे बघत राहिला. मार्लिसने टॅबलेट पाहिला. कोच वाकून काही बोलला, मागे वळून घड्याळाकडे बोट दाखवलं. डॉमने हेल्मेट पुन्हा चढवलं. मार्लिसने हनुवटीखालचा पट्टा हातात धरला होता आणि ती तो सोडत नव्हती. तिने मान वर केली आणि बाकांकडे पाहिलं. कुणाला शोधत होती ते नोरीनला कुणी सांगायला नको होतं.

ती उठली. मांडीवरचा कप पायरीवर सांडला. "कुठं चाललीस?" ट्रिना म्हणाली. नोरीन लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत खाली उतरली, कुंपणाचं फाटक ढकललं आणि गवतावर आली. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे तिला कधीकाळी आवडलं असतं.

"त्याचे गुण खोटे आहेत," ती म्हणाली. "डॉमचेही ऑगस्टचे खोटे आहेत."

कोच तिच्यावर धावून आला. "नोरीन, बाहेर हो! तुझा बसला म्हणून दुसऱ्याचा बसवायला आलीस?"

"नुसता त्याचा नाही." तिचा आवाज फाटला. "मिलर्डच्या पोराचे खोटे. जुळ्यांचे खोटे. त्या तुमच्या लाडक्या क्वार्टरबॅकचे खोटे. सगळ्यांच्या आयांना मी सांगितलं होतं, केस धुताना. काल मार्लिसने विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

मागून ट्रिना धावत आली होती. आज दोन आया कुंपणाच्या आत होत्या. गावाच्या आठवणीत असं झालं नव्हतं. "खोटं बोलतेय ती!" ट्रिना मार्लिसला म्हणाली. "माझ्या पोराने खरी परीक्षा दिली होती. त्याला येतच नाहीत ते शब्द. ढ आहे तो, विचारा त्याच्या बाईंना!"

डॉमने हेल्मेटच्या जाळीतून वर पाहिलं. त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण तो रडत नव्हता.

"मला येत होते आई," तो म्हणाला. "तूच नको म्हणालीस ना."

मार्लिसने पट्टा सोडला, हेल्मेट हळूच वर उचलून काढलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. "कोच," ती म्हणाली, "ज्यांची नावं आत्ता घेतली ती मुलं माझ्याकडे पाठवा."

"मग खेळायला उरलं कोण?"

"ते मला माहीत नाही."

कोचने मैदानाकडे पाहिलं, अजून एका गुडघ्यावर बसलेल्या पोरांकडे, आणि त्याने टोपी जमिनीवर आपटली. पण उचलताना तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग पंचाकडे गेला. नदीपलीकडच्या बाकांवर आधी गोंधळ झाला, मग आरोळ्या उठल्या. त्यांना उरलेला सामना न खेळताच करंडक मिळाला होता. केर्न्सफोर्डच्या बाकांवर कुणीच ओरडलं नाही. पोरं एकेक करून मार्लिसपुढे रांगेत उभी राहिली, काही रडत, काही आपल्या आयांकडे बघत. आया दुसरीकडे बघत होत्या.

नोरीनशी कुणी बोललं नाही. मार्लिसही नाही; तिला कामच इतकं होतं. ट्रिना जाताना तिच्या अगदी जवळून गेली, डॉमला पोटाशी धरून, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मला एकटीला आधी सांगता आलं असतं तुला. सकाळी. कॉफी पिताना."

हे खरं होतं. सकाळी सांगितलं असतं तर डॉमचं डोकं त्या मुलाच्या हेल्मेटवर आदळलंच नसतं. काल सांगितलं असतं तरी नसतं. हा हिशोब मार्लिसने बोलून दाखवला नाही, ट्रिनाने पुरता केला नाही, पण नोरीन घरापर्यंत तोच करत आली. पातेलं तिथंच राहिलं.

दुपार होती, पण क्लेच्या खोलीत पडदे ओढलेले होते. डेल खुर्चीतून उठला, तिचा चेहरा बघून काही न विचारता बाहेर गेला. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"जिंकलो?" क्लेने विचारलं.

"हरलो. अर्ध्यातच." मग तिने सगळं सांगितलं, बेसिनपासून गवतापर्यंत, काही न वगळता. कुणाला सांगताना पहिल्यांदाच तिने स्वतःला हुशार दाखवलं नाही.

क्लेने भिंतीकडे तोंड केलं. झोपला असं तिला वाटलं.

"डॉमला किती शब्द आले?"

"दोन."

"मग त्यालाही खरंच येत नव्हते," क्ले म्हणाला. "आता त्याचंही डोकं दुखत असेल. माझं खूप दुखतं, आई. तेव्हापासून. मी मिसेस टॉथना नाही म्हणालो, कारण कोच बघत होते. आणि तू पण."

नोरीनने त्याच्या कपाळावर हात ठेवायला उचलला आणि मग आपल्याच मांडीवर ठेवला.

"सगळे आपल्यावर रागावलेत?"

"हो."

"तुझ्यावर की माझ्यावर?"

"माझ्यावर. तुझ्यावर कशाला?"

"मी शाळेत जाईन तेव्हा पोरं विचारतील. काय सांगू?"

तिने पडद्याच्या फटीकडे पाहिलं. बाहेर कुणाची तरी गाडी सावकाश गेली, त्यांच्या घरासमोर आणखी सावकाश झाली आणि निघून गेली. आता जे सांगायचं ते आपल्या तोंडी शोभत नाही हे तिला माहीत होतं. या मुलाला बसवून, मायेने, उलटं शिकवणारी तीच होती.

"खरं ते सांग," ती म्हणाली.

क्लेने अंधारात तिच्याकडे पाहिलं. आई आता खरंच म्हणतेय की पुन्हा काही शिकवतेय, हे त्याला ओळखता येत नव्हतं, आणि ओळखू येईपर्यंत तो तसाच बघत राहिला. नोरीनने नजर हलवली नाही. तेवढंच काय ते तिला करता आलं.